कार्डातला प्रितम

"चपला बाहेर, मोबाइल बंद, मन चालू!"

केतन महाराजांनी हुकूम सोडला आणि तळवलीतल्या दादूच्या गाळ्यात एकच ढकलाढकली झाली. हा गाळा एकेकाळी गावातल्या पोरांचा गेमिंग झोन होता. भिंतीवर अजून रेसिंगच्या गाड्यांची पोस्टरं होती, फक्त एका गाडीच्या बॉनेटवर आता झेंडूचा हार लोंबत होता. लाल-काळ्या गोल फिरणाऱ्या खुर्च्याही त्याच होत्या. त्यांत बसून म्हाताऱ्या बायका आपल्या गेलेल्या माणसांची वाट बघत होत्या.

मधोमध चौरंगावर एक कॉम्प्युटर मांडला होता. त्याची बाजूची काच हळदीकुंकवानं माखली होती आणि आत, पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या जुन्या ग्राफिक्स कार्डावर, रंगीत दिव्यांचे पंखे गरगरत होते. त्यालाही हार घातला होता, आणि तो पंख्यात अडकू नये म्हणून सेलोटेपनं चिकटवला होता. श्रद्धा कितीही असली तरी पंखा बिघडून चालत नाही, एवढं व्यवहारज्ञान महाराजांकडे होतं.

"आत्मा म्हणजे काय? डेटा!" महाराज गरजले. "शरीर म्हणजे काय? हार्डवेअर! हार्डवेअर जळतं, डेटा जळत नाय! तुमच्या घरचे कॉम्प्युटर कार्डाशी बोलतात ते दहा दलाल मधे घालून. मी सगळे दलाल काढलेत. मी कार्डाशी डायरेक्ट बोलतो!"

माना डोलल्या. न कळणाऱ्या गोष्टीला मान जरा जास्तच डोलते.

जुईनगरहून आलेल्या सुचिताताई पदराचं टोक पिळत पुढे बसल्या होत्या. त्यांचे यजमान गेल्या वर्षी तापानं गेले होते. त्यांनी पर्समधून आणलेला यजमानांचा फोटो मोबाइलवर टिपून कॉम्प्युटरवर उघडायचं काम रुतिकाचं. ती दादूची मुलगी, म्हणजे या घरचीच. फोटो उघडताना महाराज गर्रकन पाठ फिरवत आणि डोळ्यांवर उपरणं घेत.

"मी बघनार नाय! बघितलं तर उद्या म्हणाल, महाराजांनी आधी पाहिलं होतं. कार्डाला ओळख पटली की बास."

रुतिकानं फोटो पडदाभर मोठा केला, सगळ्यांनी हात जोडले, मग तिनं तो बंद केला. महाराज वळले, मंत्र पुटपुटत त्यांनी आपला 'आवाहन' नावाचा प्रोग्राम सुरू केला. पडदा काळा झाला. मग त्यावर रंगीत वाळू उडाली. वाळूचे चौकोन झाले, आणि त्या चौकोनांत एक कपाळ आलं. एक डोळा आला. मिशी आली, पण ती कपाळाच्या वर.

"अहो!" म्हणून सुचिताताईंनी हंबरडा फोडला.

"येतायत! रस्ता लांबचाय, थोडा लॅग होतो!" महाराज म्हणाले.

तेवढ्यात कानाच्या जागी काहीतरी गुलाबी, गोल गोल दिसू लागलं.

"ही तं सुरमय हाय!" मागून एक म्हातारी बोलली. तळवलीच्या म्हातारीला माशात फसवणं केतन महाराजांच्या बापाला जमलं नसतं.

"पण आमचे हे माळकरी होते," सुचिताताई डोळे पुसत गोंधळून म्हणाल्या. "अंड्यालासुद्धा कधी हात लावला नाही."

महाराजांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा उत्तर तयार होतं. "म्हणून तर, ताई! इच्छा राहून गेली!"

"बराबर, बराबर," लोक म्हणाले.

रुतिकानं मात्र मान डोलावली नाही. सुरमईचे ते तुकडे तिनंच त्या दिवशी सकाळी कापले होते. आईचा घणसोलीच्या बाजारातला माशांचा ठेला बंद पडल्यापासून ती मोबाइलवरच्या ग्रुपमधून ऑर्डरी घ्यायची. दुपारी याच कॉम्प्युटरवर तिनं तो फोटो उघडून त्यावर भाव लिहिला होता. पडद्यावरच्या त्या गुलाबी चौकोनाखाली स्टीलच्या ताटाची कड दिसत होती, आणि कडेवर कोरलेलं आईचं अर्धं नाव: 'सौ. गंगू दा'. स्वर्गातली भांडी तळवलीत कोरून घेत असतील, असं मानणं रुतिकाला जड गेलं.

सुचिताताईंचे यजमान खोटे असतील, तर तिचा दादाही खोटा होता.

तिचा दादा म्हणजे प्रितम. हा गाळा, ही मशीन, सगळं त्याचं. ठाणे-बेलापूर रोडवर एका ट्रेलरनं त्याच्या बाइकला उडवलं तेव्हा मशीन चालूच होती, कारण तो 'आलोच' म्हणून निघाला होता. दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. घरचे सगळे हात जोडून पुढे झाले. बापानं वचन दिलं, मामानं दिलं, मित्रांनी दिलं. ऊन चढलं तसे लोक कंटाळून मागे सावलीत सरकले. आई तेवढी तिथल्या तिथे रडत म्हणाली, "तुजी मशीन कोनाला देनार नाय रं बाला, तुजीच हाय ती!" आणि कावळ्यानं झडप घातली. माणसं मागे हटल्यावर कावळा येणारच, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पण ज्या आईचं पोर गेलंय, तिला ते कसं दिसणार?

त्यानंतर एका संध्याकाळी आईच्याच हट्टाखातर रुतिकानं दादाचा आवडता गेम लावला. गेम सुरू होताना पडदा फाटल्यासारखा झाला आणि गेममधल्या एका भिंतीवर प्रितमचे डोळे उमटले. हसरे, उन्हानं बारीक झालेले. दोघी किंचाळल्या. घाबरून नव्हे, आनंदानं.

मशीनला काय झालंय ते बघायला प्रितमच्या मित्राला, केतनला, बोलावलं. केतन कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, प्रितमबरोबर रात्रंदिवस गेम खेळायचा. त्यानं ती भिंत पाहिली, आईचा चेहरा पाहिला. आणि मग म्हणाला, "काकी, तो हितंच हाय." त्या दिवशी केतनचा केतन महाराज झाला.

इथवरही एकवेळ चाललं असतं. एका आईला भिंतीवर डोळे दिसले, बिघडलं काय, असं शहाणे लोकही म्हणतात. पण भोंदूचं दुकान तिथे थांबत नसतं. आईला मधुमेह होता, रोज इन्सुलिन लागायचं. अमावास्येला प्रितम नुसता दिसणार नाही तर बोलेल, असं महाराजांनी सांगितलं. अट एकच: तोवर काकींनी एकभुक्त राहायचं आणि सुई टोचून घ्यायची नाही.

"रसायन अंगात गेलं की फ्रिक्वेन्सी जड होते, काकी. फ्रेम पडतात, चित्र अडखळतं."

आईनं इंजेक्शनं फ्रिजमधून काढून कचऱ्यात टाकली. ती मशीनसमोर बसून राहू लागली. तोंडाला कोरड, पायांना मुंग्या, आणि नजर काचेमागच्या पंख्यावर. रुतिका ताट घेऊन समोर उभी राहिली तरी ती म्हणायची, "बाजूला हो, तो आडला जातोय." घरात दोन पोरं होती, त्यातलं एक गेलं होतं. पण आईच्या लेखी दुसरंही राहिलं नव्हतं. रुतिका जेवली का, रडली का, तिला विचारणारं कोणी उरलं नाही.

रुतिका गावाबाहेरच्या नव्या सेक्टरातल्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली. त्या साफ बोलल्या, "अजून थोडे दिवस असंच चाललं तर बेशुद्ध पडेल ती, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. काहीही कर, पण तिला सुई घ्यायला लाव." घरी येऊन तिनं वडिलांना सांगितलं. दादू उरणच्या कंटेनर यार्डात जन्म घालवलेला माणूस, आता गाळ्याच्या दाराशी लोकांच्या चपला सांभाळत बसायचा. तो खाली मान घालून म्हणाला, "तिचा तेवडाच आधार हाय गो. मी कसा काडून घेव?"

सुरमईच्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी आईला ग्लानी आली होती. रुतिकानं गाळ्याचं शटर आतून ओढलं आणि मशीनसमोर बसली. तिनं बादलीचा फोटो उघडला, बंद केला आणि 'आवाहन' चालवलं. बादली आली, उभी चिरलेली, पण बादलीच. तिनं गल्लीतल्या मांजराचा फोटो ठेवला. मांजर आलं, शेपूट तोंडाजवळ. ते मांजर त्या वेळी बाहेर तिच्याच स्कूटीवर झोपलं होतं.

आता शेवटची परीक्षा उरली, आणि तिचा हात पुढे जाईना. प्रितमच्या मशीनचा वॉलपेपर त्याचा स्वतःचाच फोटो होता: उरणच्या धक्क्यावर, उन्हाकडे डोळे बारीक करून हसणारा. मशीन सुरू झाली की पहिलं चित्र कार्डाच्या आत जायचं ते हेच. तिनं तो वॉलपेपर काढून साधा निळा रंग लावला. महाराजांनी सक्त मनाई केलेली गोष्ट केली: मशीन बंद केली, प्लग काढला, थोडा वेळ थांबली. मग पुन्हा चालू करून दादाचा तो गेम लावला. पडदा तसाच फाटला आणि भिंत आली. भिंतीवर निळे चौकोन होते.

दादा नव्हता.

तिनं पुन्हा लावून पाहिला. मनातून ती हरण्याची वाट बघत होती. एकदा, फक्त एकदा ते डोळे आले असते तर तिनं डोकं, शिक्षण, डॉक्टर सगळं गुंडाळून ठेवलं असतं आणि आईशेजारी जाऊन बसली असती. पण चौकोन निळे ते निळेच. प्रितम दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळी खांदा द्यायला ती एकटीच होती. तोंडात ओढणी कोंबून ती पोटभर रडली. मग वॉलपेपर जागच्या जागी लावला आणि शटर उघडलं.

अमावास्येला गर्दीला गाळा पुरेना. बाहेर मांडव घातला होता. सुचिताताई पुन्हा आल्या होत्या. आईला शेजारच्या दोन बायकांनी धरून आणून पहिल्या खुर्चीत बसवलं. तिचे ओठ फाटले होते, श्वास भराभर चालत होता.

"आज प्रितम बोलनार!" महाराज म्हणाले आणि नेहमीप्रमाणे पाठ फिरवून डोळ्यांवर उपरणं घेतलं. "सगळ्यांनी डोळे मिटा. रुतिका, फोटो ठेव."

तिनं फोटो ठेवला, बंद केला. महाराज वळले, मंत्र झाले, वाळू उडाली. चौकोन आले. केस आले, लांब. कानातलं आलं. हनुवटीवर तीळ आला.

"अरे, ही तं रुतिका!" कोणीतरी ओरडलं.

गलका झाला. महाराजांचा चेहरा उतरला, पण जीभ काही उतरली नाही. त्यांनी हात वर केला. "शांत! कार्डात मेलेलीच मानसं येतात. जितं मानूस आलं, याचा अर्थ काय? काकी, मला सांगायला जीभ रेटत नाय. प्रितम बहिणीला बोलवतोय. पुढची पाळी हिची हाय!"

रुतिकानं खूप तयारी केली होती, पण माणूस इतका खाली उतरेल याची तयारी केली नव्हती.

आणि तेव्हा आई उठली. चार पावलं चालायची ताकद नसलेली ती बाई खुर्ची ढकलून उठली, रुतिकापर्यंत आली आणि तिचं मनगट अशा ताकदीनं धरलं की बांगडी पिचली.

"जीभ झडंल तुजी!" आई केतनला म्हणाली. "माजी पोर जित्ती हाय! हात लावून बघ, गरम हाय ती! तुज्या डब्याला कललं नाय तं तुजा डबा खोटा!"

"काकी, तुमी इमोशनल होऊ नका..."

"डबा खोटाच आहे, आई," रुतिका म्हणाली. मग ती लोकांकडे वळली. "लोकहो, आता उघड्या डोळ्यांनी बघा."

तिनं मांडवाबाहेर लावलेल्या बॅनरचा आपल्या मोबाइलवर काढलेला फोटो मशीनवर उघडला. टिळा लावलेले, आशीर्वादाचा हात वर केलेले केतन महाराज. तिनं तो बंद करून 'आवाहन' चालवलं. वाळू, चौकोन, आणि मग महाराज अवतरले. आशीर्वादाचा हात त्यांच्याच नाकातून उगवला होता.

"केतनदादा, तू कधी गेलास?" रुतिकानं विचारलं. "दिवस-कार्य कोणी केलं?"

मागून एकानं फिस्सकन हसू सोडलं आणि मग ते गाळाभर पसरलं. आई मात्र हसली नाही.

"या कार्डाला स्वतःची मेमरी असते," रुतिका सांगू लागली. "पडद्यावर दिसतं ते सगळं आधी तिथे ठेवलेलं असतं. चित्र बंद केलं म्हणजे ते पुसलं जात नाही, फक्त जागा सुटते. आपल्या मार्केटमधल्या गाळ्यासारखं. एक व्यापारी गेला तरी त्याचा पाला तिथेच पडलेला असतो. साध्या पद्धतीत मधला प्रोग्राम गाळा झाडून पुढच्याला देतो. दादा मला सांगायचा, नव्या गेमना वेग पाहिजे, म्हणून त्या मधल्याला टाळून कार्डाशी थेट बोलतात. दलाल गेला की काम झटपट होतं, पण झाडू आपण मारायचा. दादाच्या त्या गेमनं तो मारला नव्हता, चुकून. केतनदादाचा प्रोग्राम मुद्दाम मारत नाही. न झाडलेला गाळा घेतो आणि आधीच्याचा कचरा तुम्हाला दाखवतो. नवीन कार्डं मेमरी पुसून देतात, म्हणून याला आत्मा जुन्याच कार्डात सापडतो. वीज गेली की मेमरी कोरी होते, म्हणून मशीन बंद करायची नाही. सुचिताताई, ती सुरमई माझी होती. दुपारी विकायला काढलेली."

सुचिताताई पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "खोटं आहे ते कळलं ग. पण एकदा, शेवटचं दाखवशील?"

रुतिका त्यांच्याकडे वळली. "ताई, तो फोटो तुमच्याच पर्समध्ये आहे. पाहिजे तेव्हा काढून बघा. त्याला महाराज कशाला लागतोय?"

केतन आता महाराज राहिला नव्हता. उपरणं गोळा करत तो दाराकडे सरकला, पण जाता जाता थांबला. "मी लोकांना समाधान दिलं," तो म्हणाला. "तुझ्या आईला पोरगा दिला. तू आज काय दिलंस तिला?"

रुतिकानं दिलं काहीच नव्हतं, घेतलं होतं, आणि ते तिलाही माहीत होतं. उत्तर दिलं ते दादूनं. इतके दिवस चपला राखणारा तो मुका बाप उभा राहिला आणि म्हणाला, "पयल्या दिशी तुला ठाव होता ना, ह्यो काय हाय त्यो? प्रितमचा दोस्त तू. खरा बोलाचा होतास." केतननं मान खाली घातली. ते त्याला पहिल्या दिवशीच माहीत होतं. सगळ्या प्रकरणातलं खरं पाप तेवढंच होतं.

माणसं पांगली. मशीनचे पंखे फिरतच होते. आईनं रुतिकाचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"मंग त्या भिंतीवरचे डोले?" तिनं विचारलं.

"वॉलपेपरचे, आई. उरणच्या फोटोतले."

"त्यो फोटू काडून बघितलास तू?"

"हो. तू ग्लानीत होतीस तेव्हा."

"मंग?"

"काही नाही आलं. निळं निळं फक्त."

आई पंख्याकडे बघत राहिली. आता ती कोसळेल म्हणून रुतिकानं तिला सावरायला हात पुढे केला. पण आईनं पंख्यावरची नजर काढली आणि पहिल्यांदाच पोरीकडे पाहिलं, गालफडं बसलेल्या, डोळ्यांखाली काळं पडलेल्या आपल्या पोरीकडे.

"येकटीनंच बघितलास?" ती म्हणाली. "येकटीच रडलीस?"

आईनं रुतिकाचं डोकं खांद्यावर ओढून घेतलं आणि मग दोघी रडल्या. प्रितम गेल्यापासून त्या घरात असं रडणं झालंच नव्हतं. जो कार्डात आहे त्याच्यासाठी कोण रडणार? तेवढ्यात दादू नवीन इंजेक्शन आणायला मेडिकलकडे धावला होता. ते आलं, तेव्हा आईनं स्वतःच पदर बाजूला केला.

वाचणाऱ्यांनो, दुःखात असलेल्या माणसाला अक्कल शिकवू नये हे खरं. पण त्याच्या दुःखावर कोणी दुकान मांडलं असेल, तर पाहुण्यासारखं गप्पही बसू नये. चमत्कार समोर आला तर भांडू नका, नुसती परीक्षा घ्या. मेलेल्याच्या जागी जिवंत माणसाचा फोटो ठेवा, प्लग काढून बघा, महाराजांच्या पाठीमागे एकदा तेच करून बघा. खरं असेल ते परीक्षेला टिकेल. टिकलं नाही तर त्रास होईल, फार होईल; गंगूलाही झाला, अजून होतो. तिचा मुलगा परत आला नाही, येणारही नव्हता. मुलगी मात्र तिच्या शेजारीच उभी होती, हातात ताट घेऊन.